तिघांसाठी भरलेली सॅक

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. पण तुमच्या पाठीवर असते तशी नाही. माझ्यात कधी वही आली नाही, खाऊचा डबा आला नाही, सहलीला तर मी एकदाही गेले नाही. घर सोडून पळायची वेळ आली तरच मला उचलायचे, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. माझा मूळ रंग नारिंगी. आता एका अंगाने मी काळवंडले आहे आणि कितीही धुतले तरी माझा धुराचा वास जात नाही. तो वास मला कसा लागला, तेच आज तुम्हाला सांगते.

मला जिने शिवले ती तंबू शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला कापडाचे ताके, मध्ये मशीनच्या रांगा आणि दिवसभर खडखडाट. ही बाई प्रत्येक शिवण दोनदा मारायची. शेजारच्या मशीनवरची म्हणायची, "अगं, तंबू आहे तो, किल्ला नाही!" त्यावर ही मान वर न करता म्हणायची, "आत माणसं झोपणारेत ना?" म्हणून तिचे नाव पडले दुहेरीताई. तिचे खरे नाव काय, हे कारखान्यात बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

डोंगरावर जाणाऱ्या एका पथकासाठी तेव्हा नारिंगी तंबू बनत होते. कापडाचे तुकडे उरले. दुहेरीताईने ते मुकादमाकडे मागितले. "ने की, पायपुसणी होतील," तो म्हणाला. तिने पायपुसणी केली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत घास तोंडात कोंबून ती मशीनवर बसायची आणि मला शिवायची. माझे पट्टे जोडताना एक सुई तुटली, दुसरी वाकली. मी पुरी झाले त्या दिवशी तिने मला भिंतीवरच्या लोखंडी आकड्याला अडकवले आणि स्वतः माझ्या पट्ट्यांना लोंबकळली. मैत्रिणी पोट धरधरून हसल्या. पट्ट्यांचा एक टाकाही हलला नाही.

तिला अशी सॅक का हवी होती? ती लहान असताना तिच्या गावात पूर आला होता. घरात पाणी शिरले तेव्हा तिच्या आईला काय उचलावे ते सुचेना. गळ्याइतक्या पाण्यातून सगळे बाहेर आले, तेव्हा आईच्या हातात होता फक्त आमटी वाढायचा डाव. वडिलांच्या दम्याच्या गोळ्या कपाटातच राहिल्या. त्या डावाची गोष्ट ती हसत सांगायची. गोळ्यांची गोष्ट मात्र एका वाक्यात संपवायची आणि उठून कामाला लागायची.

तिचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खिडकीतून रस्त्यापलीकडची नदी दिसायची, दुसरीतून रसायनांच्या कारखान्यांची धुराडी. खालून भरलेला ट्रक गेला की भांडी किणकिणायची, आणि कधी कधी ट्रक नसतानाही किणकिणायची. घरात माणसे तीन. दुहेरीताई, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. बारीक नजरेचा, हळू बोलणारा आणि भारी थट्टेखोर माणूस. मुलीला दोघेही 'बटण' म्हणायचे.

मला भरले तो रविवार मला अजून आठवतो. चटईवर सगळा पसारा मांडला होता. दुहेरीताईने तीन थैल्या शिवल्या होत्या. निळ्या नाडीची पुरासाठी. तिच्यात दोरी, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले घराचे कागद, कोरडे मोजे. तपकिरी नाडीची भूकंपासाठी. तिच्यात शिट्टी, जाड हातमोजे, टॉर्च. पांढऱ्या नाडीची विषारी वायूसाठी. तिच्यात टॉवेल, दारांच्या फटी बुजवायला चिकटपट्टी आणि डोळ्यांना घट्ट बसणारे तीन चष्मे. ते चष्मे नवऱ्याने दुकानात बसून मुद्दाम बनवले होते. शिवाय तिघांचा एकेक स्वेटर, औषधे, बिस्किटे आणि प्रत्येकाच्या नंबरचा एकेक जादा चष्मा.

"आणि अचानक पाहुणे आले तर?" नवऱ्याने विचारले. "त्या संकटाची थैली कुठंय?"

"त्या संकटाला मी तुम्हाला पुढे करणार," दुहेरीताई म्हणाली.

बटण मात्र गंभीरपणे थैल्या पाहत होती. तिने विचारले, "आई, आगीची थैली कुठली?"

दुहेरीताईचे हात थांबले. "आगीला थैली नसते बाळा. आग लागली की हात रिकामे. खाली वाकायचं, भिंतीला हात लावत जिना गाठायचा आणि खाली उतरायचं. सॅक राहिली तर राहिली."

"एवढी भरलेली?"

"हो, एवढी भरलेली."

मग तिने मला दारामागच्या खुंटीला अडकवले. वर्षातून दोनदा ती मला उतरवायची. बिस्किटे नवी, सेल नवे, मुदत संपलेल्या गोळ्या बाहेर. बटणची उंची वाढली की स्वेटर बदलायचा. जुन्या बिस्किटांवर बापलेक ताव मारायचे. "संकट न आल्याची पार्टी," असे तो म्हणायचा.

पण पूर आलाच. नदी रस्ता ओलांडून जिन्याच्या पहिल्या पायऱ्या चढली, तेव्हा खालून हाकारे सुरू झाले. दुहेरीताईने निळी थैली वर घेतली, मला पाठीला लावले आणि दोघांना पुढे घातले. नवरा त्या दिवशी एकही विनोद करू शकला नाही. आम्ही एका शाळेच्या वरच्या मजल्यावर राहिलो. खाली दिसेल तिकडे गढूळ पाणी. माझ्यातले मोजे कोणाच्या तरी तान्ह्याच्या पायांत गेले. शुद्ध करायच्या गोळ्या अख्ख्या वर्गाला पुरल्या. समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या मावशींना थंडी भरून आली, तेव्हा दुहेरीताईने आपला स्वेटर त्यांना घातला आणि स्वतः सतरंजी पांघरून बसली. मावशी सगळ्यांना सांगत होत्या, "बाई, सॅक आहे की दुकान आहे हे!"

घरी परत आल्यावर आमच्या जिन्यावर घरोघरी सॅक भरल्या गेल्या. बायका विचारायला येत, दुहेरीताई त्यांना शिवून देई. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा काळ. आपण ज्याच्यासाठी जन्मलो ते काम आपल्याला जमले, याच्याइतके सुख दुसरे नाही.

मग घरात असे संकट आले, ज्याची थैली कोणीच शिवू शकत नाही. दुहेरीताई आजारी पडली. आधी कारखाना सुटला, मग जिना सुटला, मग खाटेवरून उठणे सुटले. बटण तेव्हा शिकत होती. सॅक तपासायची वेळ आली, तेव्हा दुहेरीताईने मला खाटेवर आणायला लावले. तिला चेन ओढता येईना, तेव्हा नवऱ्याने ओढली.

"माझा स्वेटर काढा त्यातनं," ती म्हणाली. "चष्मापण काढा. उगीच जागा अडवतात."

"राहू दे गं. जागेला काय धाड भरलीय?"

"अहो, बटणचं जाकीट बसत नाहीये. काढा म्हणते ना."

त्याने दोन्ही वस्तू काढून उशाशी ठेवल्या. काही आठवड्यांनी ती गेली. घरात माणसांची ये-जा थांबली, त्या दुपारी तो एकटाच माझ्याजवळ आला. त्याने मला खुंटीवरून उतरवले, बटणचे जाकीट बाहेर काढले आणि तिचा स्वेटर व चष्मा पुन्हा माझ्यात ठेवला. स्वेटरची घडी त्याला तिच्यासारखी जमली नाही. त्याने ती तीनदा मोडली आणि तीनदा घातली.

त्यानंतर मी हळूहळू सॅक राहिले नाही. त्याने तिची फणी माझ्यात ठेवली. तिची कात्री, तिच्या उरलेल्या गोळ्या, कारखान्यातली तिची मोजपट्टी. प्रत्येक वस्तू ठेवताना तो म्हणायचा, "इथे बरी राहील." जागा करायला त्याने आधी दोरी काढली, मग टॉवेल काढले. बिस्किटांचा भुगा झाला. टॉर्चमधले सेल फुटून हिरवे पाणी सुटले आणि ते माझ्या तळाला लागले. तो मला उघडेनासा झाला. संध्याकाळी दारामागे खुर्ची ओढून बसायचा आणि माझ्यावर हात ठेवायचा. थट्टेखोर माणूस होता तो. आता त्याचे बोलणे आठवड्यात मूठभर उरले.

बटण शिकून मोठी झाली आणि शहराच्या बसची ड्रायव्हर झाली. पहाटे जायची, दुपारी यायची. एकदा तिने मला खाली उतरवले.

"बाबा, ही सॅक एकदा नीट भरूया का? यात कामाचं काहीच राहिलं नाहीये. आईच्या गोळ्यांची मुदत संपून वर्षं झाली."

"राहू दे."

"अहो पण, उद्या वेळ आली तर?"

"तर हीच घेऊन जाऊ. राहू दे म्हटलं ना, बटण."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात काहीतरी होते. तिने मला परत खुंटीला अडकवले. थकून आलेली असायची बिचारी. तो विषय पुन्हा निघाला नाही. आपल्या आईबद्दल तिला किती बोलायचे होते, हे मला माहीत आहे. बाप घरी नसताना तीही कधी कधी माझ्यापाशी उभी राहायची. एकाच दारामागे दोघे येत, पण एकत्र कधी आले नाहीत.

आणि मग ती दुपार आली. बटण नुकतीच कामावरून येऊन झोपली होती. खालच्या मजल्यावर, जिथे सगळ्यांचे विजेचे मीटर आहेत, तिथे वायर पेटली. जिन्यातून धूर वर आला आणि दाराच्या फटीतून आत शिरला. तो मी आधी पाहिला, पण मला हाक मारता येत नाही. नशीब, बटणच्या बापाला वास आला.

"बटण! ऊठ! आग!"

मित्रांनो, त्याने त्या वेळी सगळे बरोबर केले. ओल्या पंच्याने तिचे नाक झाकले. तिला खाली वाकायला लावले. समोरचे दार बडवून मावशींना बाहेर काढले. माझ्या शेजारून जाताना त्याने माझ्याकडे पाहिले, पण हात लावला नाही. तिघे भिंत चाचपत जिना उतरले. त्यांची पावले खाली जात ऐकू आली, तेव्हा मला वाटले, सुटले सगळे. आता मी जळाले तरी चालेल.

पुढचे मला मावशींच्या तोंडून नंतर कळले. खाली अंगणात सगळे उभे होते. अग्निशमन दलाची गाडी वळणावर आली होती, तिची घंटा ऐकू येत होती. मावशींना चक्कर आली, म्हणून बटण त्यांना टेकवून पाणी पाजत होती. तो शेजारी उभा राहून वर खिडकीकडे पाहत होता. आगीचा लोळ अजून दिसत नव्हता, नुसता धूर होता. "आलोच हं," असे काहीतरी तो म्हणाला. मावशींनी ऐकले, पण त्यांना वाटले, गाडीला वाट दाखवायला चालला असेल.

मला एवढेच ठाऊक आहे, की दार उघडले आणि तो आत आला. त्याला श्वास घेता येत नव्हता. डोळे मिटलेले होते. त्याने चाचपत चाचपत खुंटी शोधली, मला छातीशी धरले आणि जिन्याकडे वळला. पण एवढ्यात जिना पेटला होता. तो परत आत आला, खिडकीपाशी गेला, आणि खालून बटणची किंकाळी आली.

"बाबा!"

त्याने मला खिडकीबाहेर धरले. धुरातून त्याला तिचा आकार दिसला असावा.

"बटण, बाजूला हो!" तो ओरडला. मी जड होते ना, म्हणून. माझा मार तिला लागू नये म्हणून.

मी खाली पडले. पट्टे तुटले नाहीत. वर खिडकीत तो दिसेनासा झाला.

अग्निशमन दलाच्या लोकांनी शिडी लावून त्याला बाहेर काढले. तो जिवंत होता. बटणने मला कधी उचलून खांद्याला लावले ते तिलाही कळले नसेल. ती तशीच रुग्णवाहिकेत बसली. दवाखान्यात मी त्याच्या खाटेखाली होते. वरून श्वासाचा घरघर आवाज येत असे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "धूर फार आत गेलाय. आपण प्रयत्न करतोय."

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. बटणने त्याचे तोंड पुसले, चादर सारखी केली. मग तिला राहवले नाही.

"कशाला गेलात बाबा?"

त्याचा आवाज कागद चुरगळल्यासारखा झाला होता. "तिचं सगळं... त्यातच आहे गं."

"सगळं?" बटणचा आवाज फुटला. "एक स्वेटर, एक चष्मा आणि फणी! बाबा, मी खाली होते ना. तिची मी खाली होते ना!"

त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहून कानांत गेले. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. बटणने तो हात आपल्या गालाला लावला. "खरंय," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "खरंय." मग दोघे दुहेरीताईबद्दल बोलले. म्हणजे बटण बोलत होती आणि तो मान हलवत होता. ती आकड्याला लोंबकळली होती ते, तिचे सुया ओठांत धरून बोलणे ते. इतकी वर्षे न झालेले बोलणे एका दुपारी मावेल तेवढे झाले. आठवडा संपायच्या आत तो गेला.

बटण दुसरीकडे राहायला गेली. तळमजल्यावरची एक खोली. शेजारच्या खोलीत मावशी आल्या, कारण त्यांचेही घर जळाले होते. मला बटणने कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवले. फेकले नाही आणि उघडलेही नाही. तिच्या जागी मीही तसेच केले असते.

एका सकाळी कारखान्यांकडून भोंगा वाजू लागला. वायुगळतीचा इशारा. बटणने धावत येऊन मला उघडले. टॉवेल नव्हते. चिकटपट्टी वाळून गेली होती. वायूसाठीचे चष्मे सेलच्या पाण्याने चिकट झाले होते. तिने चादर फाडून भिजवली, मावशींना आत ओढले आणि दाराच्या फटीत कपडे कोंबले. थोड्या वेळाने कळले, की ती नुसती चाचणी होती. मावशी हसल्या. बटण हसली नाही. जमिनीवर फतकल मारून ती माझ्यातली एकेक वस्तू बाहेर काढू लागली.

स्वेटर हाती आला तेव्हा तिने तो तोंडावर धरला. त्याला दुहेरीताईचा वास उरला नव्हता, धुराचाच येत होता. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "पुरात हाच घातला होता गं मला तिनं. ऊब होती त्याला."

बटणने स्वेटर धुतला. आता पहाटेच्या पाळीला ती तो घालून बस चालवते. कात्री तिने ओट्याजवळ लावली, फणी मावशींना दिली. आईचा चष्मा खिडकीत, उजेडात ठेवला. मग मला घासून धुतले, उन्हात वाळवले आणि नवी दोरी, नवे सेल, नवे टॉवेल घालून भरले. एका माणसाचे सामान ते. मी अर्धीसुद्धा भरले नाही.

"एवढीशीच?" मावशींनी दारातून विचारले.

बटणने माझ्या आत पाहिले. "मावशी, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या? आणा बघू. आणि एक स्वेटर."

"मी कुठे पळणार आता या वयात?"

"मी नेईन. आणा तुम्ही."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. माझे तुमच्याकडे मागणे आहे. घरी एक सॅक जरूर भरा. पाण्यासाठी वेगळे, धरणीकंपासाठी वेगळे, वायूसाठी वेगळे, सगळे नीट विचार करून ठेवा. वर्षातून दोनदा ती उघडा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून उघडा. गेलेल्या माणसाच्या वस्तू तिच्यात लपवू नका. त्या वापरा, हातात घ्या, त्यांच्याबद्दल एकमेकांशी बोला. कोणी एकटेच सॅकपाशी बसलेले दिसले, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. दमला असलात तरी बसा.

आणि कधी आग लागलीच, तर बाहेर पडा आणि बाहेरच थांबा. तुमच्या शेजारी कोण उभे आहे ते पाहा, त्याचा हात धरा आणि सोडू नका. मी आत राहिले असेन तर राहू द्या. मी कापडाची आहे. दुसरी शिवता येते.